सेकंदाला दोन फेरे

लोणावळ्याच्या स्टेशनाबाहेर एक हॉटेल आहे. त्याच्या मागच्या पडवीत उस्मानभाऊ तांबोळी आइस्क्रीमचा पॉट फिरवत बसत. लाकडी बादलीत बर्फ आणि जाडं मीठ, मध्ये डबा, आणि वरचं हँडल उस्मानभाऊंच्या उजव्या हातात. वय पंचावन्नच्या आसपास, पांढरी होत आलेली आखूड दाढी, डोक्याला घट्ट बांधलेलं फडकं. पॉट फिरवणारी माणसं मी पुष्कळ पाहिली होती. ती आधी जोरात फिरवतात, मग दमतात, आणि आतलं घट्ट होत आलं की शिव्या देत दोन्ही हातांनी ओढू लागतात. उस्मानभाऊंचा हात पहिल्या फेऱ्याला जसा फिरे तसाच शेवटच्या फेऱ्याला फिरे. खांदा हलत नसे. बोलताना, हसताना, पान चघळताना, कुणावर रागावतानाही तो हात आपला वेगळा संसार असल्यासारखा चालू असे.

मी तेव्हा पुण्याला इंटर सायन्सला होतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. वडील रेल्वेच्या लोकोशेडमध्ये खलाशी होते. सुट्टीत वर्तमानपत्र वाचायला मिळावं म्हणून मी त्या हॉटेलात जाई, पण पुढच्या बाकांवर मुंबईचे पाहुणे बसलेले असत, त्यांच्यात बसायचा मला संकोच वाटे. म्हणून पेपर घेऊन मी मागच्या पडवीत जाऊन बसे. असा आमचा परिचय झाला.

"कालेजात जाता म्हणं," एक दिवस ते म्हणाले.

"हो."

"मंग सांगा बरं, माझा हात सेकंदाला किती फेरे घेतोय?"

माझ्याजवळ घड्याळ नव्हतं. मी तसं सांगितलं.

"घड्याळ आनि कशाला पायजे? दोन. मघापास्नं दोन. एका फेऱ्याला आठ चित्रं, दोन फेऱ्याला सोळा. सेकंदाला सोळा चित्रं गेली की पडद्यावरचा माणूस माणसावानी चालतो. एक कमी न्हाई, एक जास्त न्हाई."

हॉटेलचे मालक आतून ओरडले, "उस्मानभाऊ, आइस्क्रीम करताय का सिनेमा काढताय?"

"दोनी एकच हाय शेठ. ऊन लागलं की इरघळतं!"

उस्मानभाऊ मूकपटांच्या जमान्यात कॅमेरामन होते. त्या वेळी कॅमेऱ्याला मोटर नसे. बाजूला एक हँडल असे आणि कॅमेरामनने ते हाताने फिरवायचं. हात हळू पडला तर पडद्यावरची माणसं धावू लागतात, हात जोरात गेला तर ती पाण्यात चालल्यासारखी दिसतात. बारा वर्षं त्यांनी एकाच कंपनीत दोन फेऱ्यांनी हँडल फिरवलं होतं. मग बोलपट आले. आवाजासाठी फिल्म सेकंदाला चोवीस चित्रांनी, आणि तीही मोटरीवर, चालू लागली.

"तवा समद्यांनी नटांची काळजी केली," ते म्हणत. "कुणाला बोलता येतं, कुणाचा आवाज चिरका हाय. हाताची काळजी कुणी केली न्हाई. मला म्हणले, भाऊ, तुमी आता रिफ्लेक्टर धरा. चंदेरी कागद लावलेला फळा. त्यो धरून नटीच्या तोंडावर ऊन पाडायचं. दोन वर्षं पाडलं. मंग म्हटलं, चला, आपल्या मावळात ऊन-सावली फुकट हाय."

त्यांच्या बायकोला, हमीदाभाभींना, या हाताचा भारी जाच होता. भाभींचं मनगट दुखत असे, म्हणून जात्यावर तेच बसत. "ह्यांचं दळण म्हंजे भरड," भाभी मला सांगत. "खुंटा धरला की ह्यांचा सिनेमा सुरू. जातं का येवढ्या जोरात फिरवत्यात? भाकरी थापायला घेतली की चिरतीय नुसती."

"पर समदीकडं सारखी चिरती का न्हाई?" उस्मानभाऊ विचारत.

मी त्यांचे शब्द माझ्या फिजिक्सच्या वहीच्या मागच्या पानांवर उतरवून घेत असे. ते सगळे इंग्रजी शब्द होते, पण उस्मानभाऊंनी ते इतकी वर्षं तोंडात ठेवले होते की ते मावळातलेच वाटत. लाँग शॉट म्हणजे काय, असं मी विचारलं, तर म्हणाले, "माणूस कुटं उभा हाय ते सांगतो त्यो लाँग शॉट. माणसाला काय झालंय ते सांगतो त्यो क्लोजअप. अडाणी डायरेक्टर पयला क्लोजअप घेतो. आरं बाबा, बाई रडतीया ते दिसलं, पर कुटं बसून रडतीया? घरात का घराभाईर? त्यावरच तर समदं हाय."

पॅन म्हणजे कॅमेऱ्याने एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला मान वळवणं. ती म्हशीसारखी वळवायची, चिमणीसारखी नाही. फोकस म्हणजे एकाला स्वच्छ दाखवायचं आणि बाकीच्यांना ढगात सोडायचं. "आपल्या हितं चार म्हैने देवच फोकस काढून ठेवतो," असं म्हणून ते स्वतःच हसत. फेड आऊट म्हणजे चित्र हळूहळू काळोखात जाणं. तो किती लांब ठेवायचा याचा त्यांचा हिशेब ठरलेला होता. झोपेचा प्रसंग असेल तर सहा फेरे, मरणाचा असेल तर दहा. "धाच्या आत मानूस मारू नये. इझवल्यासारखं वाटतं."

फ्रेमविषयी मात्र ते थट्टेने बोलत नसत. "फ्रेमच्या भाईर जे ऱ्हायलं ते झालंच न्हाई, असं लोक धरून चालत्यात. म्हणून फ्रेम लावताना भ्यायला पायजे."

ते कसे होते हे कळावं म्हणून भुशीच्या तळ्याकाठची एक गोष्ट सांगतो. मुंबईची एक कंपनी तिथे शूटिंगला आली होती. उस्मानभाऊंबरोबर मीही पाहायला गेलो. नायिकेला बाप मरायला टेकल्याचं कळतं आणि ती तळ्याच्या काठाने घराकडे निघते, असा तो प्रसंग होता. दुपारभर तयारी चालली होती. ऐन वेळी कॅमेऱ्याच्या मोटरीची बॅटरी बंद पडली. ऊन उतरत होतं. डायरेक्टर तरुण होते, अंगात रेशमी बुशशर्ट. त्यांना कुणीतरी सांगितलं की हे गृहस्थ जुने कॅमेरामन आहेत.

"अहो, मग या की पुढे," ते म्हणाले. "हँडल आहे आमच्याकडे. चोवीसनं मारा, म्हणजे झालं."

उस्मानभाऊ कॅमेऱ्याजवळ गेले. त्यावरून हात फिरवला. दहा वर्षांनी त्यांनी कॅमेऱ्याला हात लावला असेल. मला वाटलं, आता हे फिरवणार.

"सायेब, जमायचं न्हाई," ते म्हणाले.

"का? विसरलात?"

"इसरलो असतो तर बरं झालं असतं. माझा हात सोळाचा हाय. चोवीस म्हणून सुरू करीन, पर मधीच सोळावर येईल, मला कळायचं बी न्हाई. मंग पडद्यावर तुमची बाई पळाया लागंल. तिचा बाप मरतोय."

"थोडं इकडंतिकडं चालतंय हो. कोण बघतंय एवढं!"

"मी बगतोय न्हवं," उस्मानभाऊ म्हणाले.

डायरेक्टर कपाळाला हात लावून हसले. "हा बघा आमचा प्रेक्षक!" सगळे हसले. ऊन गेलं, कंपनीने सामान आवरलं. परत येताना मी त्यांना म्हणालो की तुम्ही फिरवून तर पाहायचं होतं. त्यावर ते एवढंच म्हणाले, "येखाद्याच्या दुःखाला आपल्या हातानं पळवायचं न्हाई."

हे त्यांनी कुठून आणलं ते मला तेव्हा कळलं नव्हतं. पुढे कळलं. त्यांच्या ट्रंकेत एक रीळ होतं, आणि ते रीळ आमच्या गावाचं होतं.

आमचं मूळ गाव धामणदरे. मी ते पाहिलेलं नाही. धरणाचं पाणी चढायच्या आत लोकांनी ते सोडलं तेव्हा वडील विशीत होते. गाव सात-आठ ठिकाणी फुटलं. वडील रेल्वेत आले. त्यांची थोरली बहीण, माझी चंद्राआत्या, डोंगराच्या कडेला जी थोडी घरं वर सरकली त्यात राहिली. वडील त्या दिवसाविषयी कधी बोलले नाहीत. विचारलं तर म्हणत, "गेलो उठून. त्यात काय सांगायचं?"

उस्मानभाऊंची आई त्या गावात पानाची पाटी घेऊन जात असे. "धामणदऱ्यातल्या दर उंबऱ्यावर मी पाणी प्यालोय," ते म्हणत. गाव उठणार असं कळल्यावर त्यांनी मालकाची परवानगी काढून कंपनीचा जुना कॅमेरा आणला, आणि चित्रं काढून उरलेले फिल्मचे छोटे तुकडे बरोबर घेतले. एक तुकडा संपला की काळ्या पिशवीत हात घालून दुसरा भरायचा. त्यांनी टेकाडावर कॅमेऱ्याचं तिकाटणं रोवलं आणि गाव निघालं ते सकाळपासून घेतलं. सगळं मिळून चारशे फूट झालं. सोळाच्या वेगाने सहा मिनिटं चाळीस सेकंद. निगेटिव्ह पुढे कंपनीच्या गोदामात जळाली. ही एकच प्रिंट उरली होती.

"त्या दिशी माझ्या हाताचा फेरा एकदाच चुकला," ते म्हणाले. "तुमची आत्या देवाची टोपली घेऊन निघाली. चार पावलं टाकायची नि मागं बगायची. चार पावलं टाकायची नि मागं बगायची. मी पुटपुटलो, आक्का, चल गं, फिल्म संपल. पर ती कशाला घाई करती!"

ते रीळ गावातल्या कुणीच पाहिलं नव्हतं. त्यांना ते दाखवायचं, ही उस्मानभाऊंची एकच इच्छा होती. आत्याच्या कानावर ते आल्यापासून तिनंही धोसरा धरला होता. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. "डोळं हायेत तवर दाव, दादा," ती म्हणे.

वडगावला चैत्रात जत्रा भरते. त्या वर्षी तिथे तंबूचा सिनेमा आला होता. मालकाला गळ घालून उस्मानभाऊंनी दिवेलागणीला, मुख्य खेळाच्या आधी, एक रीळ दाखवायची कबुली मिळवली आणि गावोगाव निरोप धाडले. धामणदऱ्याची तीस-चाळीस माणसं जमली, त्यांत वडील आणि आत्याही. काही सकाळीच चालत निघाली होती. तंबूच्या दाराशी सगळ्यांनी पायताणं काढली. तिकिटावरचा पोऱ्या म्हणाला, "आबा, असू द्या पायांत, हा सिनेमा आहे."

"आत आमचं भैरोबाचं देऊळ हाय," एक म्हातारा म्हणाला. त्याने नारळ आणला होता.

मी उस्मानभाऊंबरोबर मशीनपाशी उभा होतो. त्यांनी मशीन पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हँडलाची मशीन हाय म्हणला हुतास."

"ती होती," ऑपरेटर म्हणाला. "मालकांनी मोटर बसवली आणि हँडलाची दांडी कापून टाकली. बोलपटालाच चालवतो ना आपण. वेग एकच."

"चोवीस?"

"चोवीस. थोडं भरभर दिसेल, एवढंच."

उस्मानभाऊ रीळ हातात धरून उभे राहिले. ते परत फिरणार असं मला वाटलं, आणि ते फिरलेही असते. पण पुढून आत्याचा आवाज आला, "उस्मान, लाव की रं! किती वाट बगायची?" तीस-चाळीस माणसं मान वळवून आमच्याकडे पाहत होती. उस्मानभाऊंनी रीळ ऑपरेटरच्या हातात दिलं.

आधी गाव दिसलं. पंचवीस-तीस घरं, देऊळ, मागे डोंगर. पुढच्या माणसांतून एक हुंकार उठला. कुणी हात जोडले. गाव हलत नव्हतं, म्हणून ते ठीक दिसलं. मग माणसं आली.

एक माणूस घराच्या उंबऱ्याला डोकं टेकवत होता. तो पडद्यावर कोंबडीने दाणा टिपावा तसा खाली-वर झाला. चौकटी उपसून गाड्यांत घालणारी माणसं टणाटण उड्या मारत होती. बैल दुडदुडत निघाले. त्यांच्यामागून बायका डोक्यावर टोपल्या घेऊन लगबगीने, तुरुतुरु, पळत आल्या. चंद्राआत्या तिसरी होती. तिची मान मागे-पुढे, मागे-पुढे झटके देत होती.

मुख्य खेळाला आलेली माणसं मागे उभी होती, ती हसू लागली. "आरं, पोलीस लागल्यात जनू मागं!" एक जण ओरडला. "चोरावानी पळत्यात बग!" आमच्यातलेही दोघेतिघे आधी हसले. "त्यो बग धोंडू, कसा टुणटुण उडतोय!" मग ते गप्प झाले. मी उस्मानभाऊंकडे पाहिलं. ते पडद्याकडे पाहत नव्हते. त्यांचा उजवा हात अंगाशी हळूहळू फिरत होता, जणू काही त्याने वेग आवरता येणार होता.

साडेचार मिनिटांत ते संपलं. दिवा लागल्यावर आत्या उठली. पडद्याकडे पाठ करून उस्मानभाऊंकडे वळली.

"आमी पळालो न्हवतो," ती म्हणाली.

"व्हय, आक्का. तुमी पळाला न्हवता."

"मंग आसं का दावलंस?"

उस्मानभाऊ मशीनवरचं रीळ काढून घेऊ लागले. माणसं उठली आणि बाहेर जाऊन आपापली पायताणं शोधू लागली. तो म्हातारा नारळ न फोडताच परत घेऊन गेला. वडील माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

परतीच्या गाडीत उस्मानभाऊ एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणत होते. "सव्वादोन मिन्टं. सव्वादोन मिन्टं गेली. ठावं हाय का कालेजवाले, ती माणसं मागं वळून बगत हुती ती त्यातच बगत हुती."

दुसऱ्या दिवशी ते आत्याकडे गेले आणि म्हणाले की हाताने चालणारं मशीन मिळवीन आणि तुम्ही जशा गेलात तसं दाखवीन. आत्या म्हणाली, "लौकर आन. ढग आलाय माज्या डोळ्यांत." तिथून पुढे त्यांनी दुसरं काही मनात आणलं नाही. तळेगाव, खोपोली, पुणे, जिथे कधीकाळी मूकपटाचा खेळ होत असे तिथे ते गेले. बहुतेक मशीनं मोडीत गेली होती. खोपोलीला एक सापडलं, पण त्याच्या चाकावर एक जण सुऱ्या पाजत बसला होता. "भिंग कुटं हाय?" उस्मानभाऊंनी विचारलं. "पोरांनी उन्हात कागद जाळायला नेलं," तो म्हणाला.

आता जे लिहायचं आहे ते लिहिताना मला लाज वाटते. पण ते वगळलं तर उस्मानभाऊंविषयी मी खरं लिहिलं असं होणार नाही.

जूनमध्ये कॉलेज सुरू झालं. आषाढात एके दिवशी प्रोफेसरांनी मला प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीतून तराजू आणायला सांगितलं. तिथे कपाटाच्या वर, धुळीत, प्रोजेक्टरचं एक जुनं मशीन होतं. त्याला हँडल होतं. मी ते हलवून पाहिलं. ते फिरलं.

मी तराजू घेऊन बाहेर आलो आणि काही बोललो नाही. प्रोफेसर कधी कुणावर रागावत नसत. पण मला वाटलं, ते विचारतील कशाला हवं, मग मला धामणदऱ्याचं सांगावं लागेल, तंबूचं, पळणाऱ्या माणसांचं, आणि वर्गातली मुलं ऐकतील. आपल्यासारख्याने कॉलेजची वस्तू घरी न्यायला मागावी हेच मला धाडस वाटत होतं. गणपती झाले की विचारू, असं मी ठरवलं. मग सहामाही झाली की, असं ठरवलं. उस्मानभाऊंनाही सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर दर शनिवारी घरी गेलो की त्यांनी विचारलं असतं. त्या पावसाळ्यात ते मला म्हणाले होते, "कालेजवाले, तुमच्या पुण्यात कुणाकडं हँडलाची मशीन असंल तर कान ठेवा." मी "हो" म्हणालो होतो.

शेवटी मार्गशीर्षात विचारलं. प्रोफेसर वही तपासत होते. वर न पाहता म्हणाले, "घेऊन जा की. धूळ खात पडलंय नुसतं. कधीपासून हवं होतं?"

"आषाढापासून."

आता त्यांनी वर पाहिलं. "मग विचारलं का नाहीस?"

हमालाच्या डोक्यावर देऊन मी ते मशीन लोणावळ्याला आणलं. उस्मानभाऊंनी ते ओट्यावर ठेवलं, पुसलं, दात्यांना तेल दिलं, आणि रिकामंच फिरवून पाहिलं. भाभी दारात येऊन उभ्या राहिल्या. इतक्या दिवसांत मी त्यांना नवऱ्याच्या हाताकडे प्रेमाने पाहताना पहिल्यांदा पाहिलं. मग उस्मानभाऊ आत गेले आणि ट्रंकेतून डबा घेऊन आले.

लोणावळ्याच्या पावसाळ्यात भिंतींना बुरशी येते, चामड्याचे बूट हिरवे होतात. म्हणून उस्मानभाऊ दर वर्षी डबा कापडात गुंडाळून ट्रंकेत तळाशी ठेवत. त्या वर्षी त्यांनी अधिक जपलं होतं. लोणच्याच्या बरणीला दट्ट्या बसवावा तसं त्यांनी झाकणाच्या कडेने मेण ओतून डबा बंद केला होता आणि ज्येष्ठापासून उघडला नव्हता. आता त्यांनी सुरीने मेण खरवडलं. झाकण निघताच असा उग्र वास आला की भाभींनी पदर नाकाला लावला.

आत रीळ नव्हतं. तपकिरी रंगाचा एक चिकट गोळा होता, वर फेसासारखे बुडबुडे वाळलेले, कडेला भुकटी. उस्मानभाऊंनी एक टोक धरून ओढलं. ते ताणलं आणि तुटलं.

"वाफ कोंडली," ते म्हणाले. "त्याला हवा पायजे हुती. मी मेणानं गळा दाबला."

तेव्हा मी त्यांना सांगितलं की मशीन मी आषाढातच पाहिलं होतं. सांगितलं नसतं तर त्यांना कळलं नसतं, पण मला राहवलं नाही. त्यांनी डब्याला झाकण लावलं.

"आषाढात धड असंल ती," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. मला एखादा शब्द समजावून सांगावा तसं ते म्हणाले, आणि त्यानंतर मला त्याविषयी एक अक्षर बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी आम्ही आत्याकडे गेलो. उस्मानभाऊंनी डबा बरोबर घेतला होता. आत्या अंगणात उन्हाला बसली होती. तिला आता माणूस आला एवढंच दिसे, कोण ते आवाजावरून कळे.

"आनलीस मशीन?" तिनं विचारलं.

"मशीन आनली, आक्का. फिल्म गेली."

"गेली म्हंजी?"

त्यांनी डबा तिच्या मांडीवर ठेवला आणि तिचा हात धरून आत नेला. तिने बोटांनी चाचपलं.

"गुळावानी लागतंय," ती म्हणाली. "ह्यात आमी हाय?"

"हुता."

तिने बोटं लुगड्याला पुसली. ती चांगली निघेनात, म्हणून पुन्हा पुसली. समोर दरीत धरणाचं पाणी होतं.

"त्या जत्रेत लय मानूस हुतं," ती म्हणाली. "त्येंच्या ध्येनात आता आमचं ते पळनंच ऱ्हायचं व्हय?"

उस्मानभाऊंनी खोटं बोलायला हरकत नव्हती. दुसऱ्या कुणीही काहीतरी बोलून वेळ मारून नेली असती.

"व्हय, आक्का," ते म्हणाले.

ते उठले. आत्याने चहाला थांब म्हटलं, पण ते थांबले नाहीत. मी मात्र रात्री तिथेच राहणार होतो. महिन्याभराने भाभींच्या माहेरी, नगरकडे, ते दोघं निघून गेले. मी पत्र लिहिलं, त्याला उत्तर आलं नाही. त्यामुळे उस्मानभाऊंना मी शेवटचं पाहिलं ते असं, आत्याच्या अंगणातून, पाठमोरं, डबा काखेत घेऊन बांधाने उतरताना.

"गेला का उस्मान?" आत्याने विचारलं.

"नाही. दिसतायत अजून. बांधावर आहेत."

"बिगीबिगी चाललाय?"

"नाही आत्या. हळू चाललेत."

"मंग बगत ऱ्हा," ती म्हणाली. "मला न्हाई दिसत."

मी बघत राहिलो.